उलट्या झरोक्यांचं कोठार

६ ऑक्टोबर १९५४
पोहोचलो एकदाचे! चढावर ग्विलिमने मोटार बंद पाडली आणि वर दोष मलाच दिला; म्हणे, थोरल्या भावाचं वजन वाढलंय. शेताची मालकीण, म्हातारी मार्गेद बेवन, भलतीच खणखणीत आहे. दारातच तिने विचारलं, "गवंडी आहात की पाद्री? हात इतके स्वच्छ कसे?" मग काउल, म्हणजे मटण-भाज्यांचा गरम रस्सा, पोटभर वाढला.

कोठार बघून जीव सुखावला. नदीतल्या गोट्यांच्या भिंती माझ्या हाताच्या लांबीएवढ्या जाड, मधोमध मळणीचं खळं, वर ओकच्या वाकड्या खोडांच्या कमानी. थंडीआधी स्लेटचं छप्पर शाकारायचं, एवढंच काम.

७ ऑक्टोबर
भिंतींभोवती सावकाश फिरलो. कोठाराचे झरोके बाहेरून अरुंद असतात आणि आत फाकत जातात. पाऊस येत नाही, उजेड पसरतो. इथे सगळंच उलटं. बाहेरून रुंद, आत चिंचोळे. शिवाय एकूण एक झरोका दगड-चुन्याने बुजवलेला. ग्विलिम म्हणाला, बांधणाऱ्याने चढवलेली असणार. मी हसलो, मार्गेद हसली नाही. तिच्या सासऱ्याने ते बुजवले होते. "छप्पर करा आणि जा पोरांनो. भिंतीला हात लावू नका."

९ ऑक्टोबर
कोठारात गवत ओलंच भरलंय. वारा मिळाला नाही तर तापून पेट घेईल. म्हातारी नको म्हणत असताना ग्विलिमने उत्तरेचा एक झरोका फोडला. मलाही ते पटलं होतं. आतून उबदार हवा आली, गाभण गाईच्या श्वासासारखी. हे ऐकून मार्गेदने चहाचा कप खाली ठेवला. या कोठारात गुरं कधीच बांधली नाहीत म्हणाली. ओढून नेली तरी उंबऱ्यावर पाय रोवतात.

१० ऑक्टोबर
सगळं गवत बाहेर काढलं. कोठार रिकामं, तरी हवा गरमच. येते, थांबते, मग आत ओढली जाते. ग्विलिमने तळहातावर भुसा धरला. उडाला, आणि पुन्हा आत गेला. मासे धरायची टोपली अशीच असते म्हणाला, तोंड रुंद, पुढे चिंचोळी. चुना भिजत घातला आहे. उद्या झरोका बुजवायचा.

११ ऑक्टोबर, सकाळ
दगड बसवले, न्याहारी करून परत आलो, तर दगड चिखलात पडलेले. त्यांच्यावर चुन्याचा कणही नाही— चाटून काढल्यासारखा. आता मार्गेदलाही इथे राहायचं नाही. ग्विलिम तिला बहिणीकडे सोडायला गेला. तो आला की आम्हीही निघणार. मी दाराला बाहेरून अडसर घातला आहे.

दुपार
मोटार ऐकू आली नाही. ग्विलिम ऐकू आला. कोठारातून.
"दादा, पाय अडकलाय रे."
अडसर तसाच होता. काढला. आत कोणी नाही. आवाज भिंतीतून. लहानपणी विहिरीत पडला होता, तसाच रडत होता. "हात दे ना, दादा." बाहेरून उत्तरेच्या त्या उघड्या झरोक्यात हात घातला— सापडला! गरम आहे, घट्ट धरलाय—

सुटत नाही. डावा हात खांद्यापर्यंत आत. वही गुडघ्यावर. दगड आवळत चाललेत.

ओरडायला गेलो. आवाजच नाही. माझा आवाज—

पलीकडच्या झरोक्याचे दगड आपोआप गळून पडले.

मोटार आली. ग्विलिम धडधाकट उतरला. त्याने मला अजून पाहिलं नाही— भिंत बोलतेय. माझ्या आवाजात. "ग्विलिम, इकडे ये. हात दे."

पळत येतोय. मोठ्या अक्षरांत लिहून वही वर धरतो, वाचेल—

ग्विलिम मी नाही तो मी नाही हात नको घा