म-नऊचा शेवट

पप्पा,

कामणच्या आमच्या गोदामात नवी यंत्रं आली आहेत. बुटकी, चाकांवरची, पाठीवर अख्खा रॅक उचलून नेणारी. काम संपलं की ती आपणहून भिंतीकडे जातात आणि भिंतीला तोंड लावून रांगेत उभी राहतात, चार्जिंगसाठी. मी तिथे सुपरवायझर आहे. पहिल्या दिवशी ती रांग पाहिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुमसाराला उभी राहिलीत." शेजारची मुलगी नालासोपाऱ्याची. "काय मॅडम?" तिने विचारलं. चर्चमध्ये जाळीपलीकडच्या फादरांना आपलं पाप सांगायला लोक असे रांगेत उभे राहतात, हे तिला कुठून सांगत बसू? "काही नाही गं," म्हटलं, "चार्जिंगला."

ती रांग खरं तर तुमची. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात आणि वर्षातून एकदा, आपल्या पापडीच्या चर्चच्या नाताळ अंकासाठी, एक गोष्ट लिहायचात. बाकीचे लोक केळीवरच्या रोगाबद्दल नाहीतर लग्नातल्या गाण्यांबद्दल लिहीत. तुम्ही मारेकरी यंत्रमानवांबद्दल लिहायचात. म-एक ते म-नऊ. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर एकाच कारखान्यात घडलेले. ज्याला कोणी नकोसा झाला असेल त्याने त्यांना बोलवावं. खून करून आला की प्रत्येक जण एका जाळीपुढे उभा राहायचा, पलीकडच्या यंत्राला सगळं सांगायचा, आणि सांगून झालं की मेलेला माणूस त्याच्या आठवणीतून पुसला जायचा. मग स्वच्छ होऊन पुन्हा कामाला. मम्मी म्हणायची, "फादरांनी वाचलं तर काय तोंड दाखवाल?" तुम्ही म्हणायचात, "फादरच तर विचारतात, पुढे काय झालं म्हणून."

चौथ्या वर्षी तुम्ही शेवटची गोष्ट लिहिलीत. तुमचं अक्षर तुम्हालाही लागत नसे, म्हणून सुवाच्य प्रत मी करायची. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला मम्मी बोंबील साफ करते आहे, दुसऱ्या टोकाला मी वर्तमानपत्र अंथरून लिहिते आहे. मी चौदा वर्षांची. एरवी तुम्ही ओळ न् ओळ ताडून बघायचात. त्या वर्षी चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा पडला होता. "या वेळी तुझ्यावर सोडतो," म्हणालात. "तू काय, स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीस." त्या गोष्टीत म-नऊ रांगेत उभा राहत नाही. ज्याला मारलं त्याच्या बायकोच्या दाराशी जातो आणि म्हणतो, "मी मारलं." ती त्याच्याकडे बघत राहते. एवढंच. मला वाटलं, चार वर्षं वाट बघायला लावून हा कसला शेवट? मी तुमची शेवटची दोन पानं गाळली आणि माझी दीड पानं लिहिली. माझा म-नऊ कारखान्यात परत जातो आणि बाकीच्या आठांसकट सगळा कारखाना उडवून देतो. प्रत मीच सरांकडे नेऊन दिली. सर म्हणजे तुमच्या शाळेतले मराठीचे मास्तर, अंकाचे संपादक, आणि दर रविवारी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर वेलची केळ्यांची फणी घेऊन आपल्याकडे चहाला येणारे तुमचे एकमेव मित्र.

अंक आला तो तुम्ही ओट्यावर उभ्याउभ्याच वाचलात. मग मला हाक मारलीत. "तू काय उतरवलं होतंस?"

"तुम्ही लिहिलं तेच."

तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. तसेच चार घरं पलीकडे सरांकडे गेलात, मी तुमच्या मागे. "मास्तर, माझ्या गोष्टीला हात लावायचा होता तर विचारायचं होतं." सर म्हणाले, "अरे, मी एक वेलांटीसुद्धा हलवली नाही." "मग काय छापखान्यातल्या खिळ्यांनी बदललं?" सर काहीतरी बोलायला गेले. तेवढ्यात तुमच्या खांद्यावरून त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं, आणि ते गप्प झाले. ते गप्प बसणं तुम्ही कबुली समजलात. पुढच्या रविवारपासून तुम्ही सातची मिस्सा सोडून साडेपाचच्या मिस्सेला जाऊ लागलात, सर दिसू नयेत म्हणून. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, "गुरुजी, काय दणका दिलात शेवटी!" तुम्ही म्हणायचात, "ते माझं नाही." त्यानंतर तुम्ही एकही गोष्ट लिहिली नाहीत.

सोळा वर्षं असं चाललं. तुम्ही शेवटच्या आजारात होतात तेव्हा सर एका सकाळी आले. केळी होतीच हातात. मी आत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "म्हणावं, चुकलं म्हण, मग आत ये." मी हे घेऊन ओट्यावर गेले. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, त्यांना नाही, तुम्हाला. आत चार पावलांवर होतात. मी सरांना म्हटलं, "पप्पा झोपलेत." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले. मग केळी पायरीवर ठेवली आणि गेले. आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

यंत्रांची ती रांग रोज बघवेना. गेल्या रविवारी नंदाखालला गेले. सर आता तिथे मुलीकडे असतात, नव्वदीला टेकलेत. वाडीत खुर्ची टाकून बसले होते. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं, "सर, म-नऊचा शेवट मी बदलला होता."

"मग मला काय नवीन सांगतेस, बाय?" ते हसले. "प्रत तुझ्या अक्षरात. आणि तुझ्या बापाने जन्मात कधी 'धडाडधूम' लिहिलं असतं का? तेही तीन उद्गारचिन्हं लावून?"

"मग पप्पांना का नाही दाखवलंत?"

"एवढीशी पोर तू. वाटलं, दोन दिवसांत आपणच सांगेल. मग वाटलं, इस्टरपर्यंत सांगेल. आणि त्या दिवशी ओट्यावर वाटलं होतं, आता सांगशील."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "माझं काय, ठीक आहे गं. तो तसाच गेला ना."

त्यांची मुलगी चहा घेऊन आली. आम्ही पावसाबद्दल बोललो.

हे पत्र कुठे ठेवायचं ते कळत नाही. तुमच्या कबरीवर ठेवलं तर वाऱ्याने उडून कोणाच्या तरी हाती लागेल, आणि घरात ठेवलं तर मुलं वाचतील. बहुतेक फाडूनच टाकीन. त्याआधी एक लिहिते. निघताना सरांना मी म्हटलं की तुमच्या भीतीने बोलले नाही. ते खरं नाही. तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. त्या नाताळात चर्चच्या आवारात मुलं म-नऊ खेळत होती. एकजण हात पसरून ओरडायचा आणि बाकीचे आठजण जमिनीवर लोळायचे. मी क्रुसाजवळ उभी राहून बराच वेळ बघत होते. सांगितलं असतं तर तो शेवट चुकीचा ठरला असता, आणि मला तो चुकीचा ठरायला नको होता. परवा कपाटातून तो अंक काढून पुन्हा वाचला. पप्पा, मला तो अजूनही आवडतो.