फक्त गंजी

१२ मार्च १९९४

मुंबईच्या स्फोटांना आज वर्ष झालं. कंपनीच्या कॅन्टीनमधी सगळे तापलेले. 'फौज घालायला पायजे! सीमेपल्याडचं एकबी गाव ठेवू नये!' मी म्हणलं, 'बॉम्ब ठेवणारे चार, अन् त्या गावांतली लेकरंबाळं?' झालं! 'लई शहाणा झाला कचरू!' सगळे उठून दुसऱ्या टेबलावर गेले. एकटाच जेवलो. नवं काय त्यात?

१४ मार्च

दोन महिने झाले. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं त्या दिवशी मी इथं शहरात, मुकुंदवाडीत पेढे वाटत व्हतो, अन् रात्री तिकडं गावात आमची वस्ती जळत व्हती. माणसं जमवली गावातल्या बागायतदार रामकिसननं. साऱ्या गावानं पाहिलं, साक्षीला एकजण आला नाय.

माय वाचली ती बानाबाईमुळं. त्या धनगर म्हातारीनं मायला मेंढरांत बसवलं, वरून घोंगडं टाकलं, अन् जमावाला म्हणाली, 'इथं मेंढरंच हायेत. मोजा हवं तर!'

माय आता मामाकडं पैठणला. झोपेत दचकती म्हणं. मी इथं भिंतींशी बोलतो.

१९ मार्च

मावसभाऊ अप्पाराव आला. त्याचंबी घर गेलं. म्हणाला, 'रामकिसन जामिनावर सुटला. ओट्यावर बसून मिशा पिळतोय. तुझ्या कंपनीत रंगखात्यात थिनर असतं ना? काडी लावली की भडकतं ते.'

म्हणलं, नाय जमायचं.

'मग बसू दे तुझ्या मायला मेंढरांतच, जन्मभर!'

झोंबलं. लई झोंबलं.

२१ मार्च

खरं लिहितो, इथं कोण वाचतंय! मलाबी पेटवायचंय. गप बसलो तर ते पुन्हा येतील. कोर्टाची नुसती तारीख पडती. कॅन्टीनमधी शहाणपण शिकवणं सोपं व्हतं — तिथं माझी माय नव्हती.

अप्पारावला अट घातली — फक्त रामकिसनची कडब्याची गंजी. घर नाय, माणूस नाय. 'बाबासाहेबांची शपथ,' म्हणाला. जेवणाच्या डब्यातून रोज थोडं थोडं थिनर आणून खोलीत कॅनमधी साठवतोय. भाकरी फडक्यात बांधून नेतो, तरी वास लागतो.

३० मार्च

अप्पाराव कॅन घेऊन गेला. हात घासघासून धुतले.

१ एप्रिल

गंजी गेली! चितेगावला कंपनीसमोरच्या चहाच्या टपरीवर आमच्या गावाकडचा ड्रायव्हर भेटला, त्यानं सांगितलं. रामकिसन डोकं धरून बसलाय म्हणं. लई दिवसांनी पोटभर जेवलो. मायला सांगावं वाटलं. पण सांगणार कसं?

२ एप्रिल

सांजच्याला दार वाजलं. बानाबाई! दोन्ही हातांना पट्ट्या.

रामकिसनच्या रानात, गंजीशेजारीच, लेंडीखतासाठी मेंढरं बसवली व्हती तिनं. उन्हाळ्यात बसवतातच. मी गावचा माणूस, अन् मला हे आठवू नये! वारं सुटलं, पेटता कडबा उडाला. मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडलेली. एक नाय उरलं.

'कुणाचं पाप हाय काय माहीत, लेकरा. इथल्या सरकारी घाटी दवाखान्यात पट्ट्या केल्या. शहरात तुझ्याबिगर कोण हाय माझं?'

माझ्या खोलीत तिनं घोंगडं अंथरलं. तेच घोंगडं. पडल्या पडल्या विचारती —

'कसला वास येतोय रं इथं?'