हिरवा टॅग, क्रमांक एक्केचाळीस

कॉक्स टाउन, बंगळुरू
सोमवार, १५ डिसेंबर २०२५

प्रिय मेलरॉय,

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. त्या मिनिटाला तू तुझ्या चॅनेलवरची 'ग्रीन टॅग' या नावाने आलेली कमेंट पुसलीस आणि पाठोपाठ त्या नावाला ब्लॉक केलंस. कमेंट एकूण अकरा मिनिटं जगली. ती माझी होती.

आता नीट बस. हो, ग्रीन टॅग म्हणजे मीच. तुझ्या आईची मोठी बहीण, इर्मिना मावशी, वय एकाहत्तर. त्याच संध्याकाळी तू लाइव्ह येऊन हसत म्हणालास, "हे ग्रीन टॅग अंकल रिटायर झालेत, घरात कोणी विचारत नाही, म्हणून आमच्याकडे पिठातले खडे वेचायला येतात." ब्लॉक केलंस ते मी सहन केलं असतं. अंकल म्हणालास ते सहन होणार नाही.

बाकी मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. तू खुशाल असशील अशी आशा आहे, मात्र शुक्रवारच्या व्हिडिओत तुझं नाक लाल दिसत होतं. डिसेंबर आहे, स्वेटर घाल. तू माझा फोन उचलत नाहीस आणि चॅनेलवर माझं तोंड बंद केलं आहेस, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. तक्रारीत आधी वेळ, मग गुन्हा, मग मागणी लिहायची आणि उत्तर लेखीच मागायचं, असं आम्हाला शाळेत सिस्टर युफ्रेसियांनी शिकवलं होतं. माझी मागणी शेवटी आहे. उडी मारून तिकडे जाऊ नकोस.

गुन्हा असा. तू रुब्बोमेट नावाच्या नव्या स्मार्ट ग्राइंडरचा व्हिडिओ टाकलास. डाळ-तांदूळ एकत्र टाका, झाकण लावा, फोनवर बोट ठेवा, सत्तावीस मिनिटांत इडलीचं पीठ तयार. सत्तावीस मिनिटं झाली, तू झाकण उघडलंस, पळीने पीठ वर काढून दाखवलंस आणि नेहमीचं वाक्य म्हणालास: "डोळे झाकून घ्या!"

मी डोळे उघडे ठेवले होते. त्या पिठाला जाळी पडली होती, मेलरॉय. बुडबुडे होते. आत्ता दळलेल्या पिठाला बुडबुडे येत नाहीत, त्याला रात्रभर आंबावं लागतं. ते पीठ तू कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकिटात आणलंस आणि मशीनमध्ये ओतलंस. या शहरातली तुमची पिढी पीठ पाकिटात जन्माला येतं असं समजते, म्हणून तुला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंही नसेल. मी एवढंच लिहिलं होतं: "चार मिनिटं बारा सेकंदांपाशी पाहा. हे पीठ कालचं आहे. या मशीनने काहीही दळलेलं नाही." यात शिवी कुठे आहे? खोटं कुठे आहे?

त्या व्हिडिओत तुझ्या मागे जे सामान दिसत होतं, त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

मी यंत्रांच्या विरोधात आहे असं तुझ्या प्रेक्षकांना वाटतं. उलट यंत्रांची बाजू घेणारी बहुधा मी एकटीच उरले आहे. टेलिफोनच्या कारखान्यात मी तीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसले. प्रत्येक फोन उचलायचा, कानाला लावायचा, डायल दहा वेळा फिरवायची, रिसीव्हर कमरेइतक्या उंचीवरून रबरी चटईवर टाकायचा आणि मगच हिरवा टॅग बांधायचा. टॅगवर आपला क्रमांक असायचा. माझा एक्केचाळीस. फोन बिघडून परत आला, तर तो कोणाच्या सहीने बाहेर गेला होता ते सगळ्या शेडला कळायचं. आमच्याकडे डोळे झाकून काम करणाऱ्याला कँटीनमध्ये बदली मिळायची.

म्हणून 'टेककट्टे' या इंटरनेटवरच्या चावडीवर मी बसते. जेवण झालं की चहा घेऊन. तिथे दिवसभर नव्या फोनच्या बातम्यांवर वाद घालणारी माणसं मला आवडतात. दरवर्षी सप्टेंबरात तोच फोन नव्या रंगात येतो आणि तीच माणसं तीच भांडणं नव्याने भांडतात. दूध संपलं हे सांगणारा फ्रिज आला, तेव्हा मी लिहिलं होतं की आमच्याकडे हे काम करायला डोळे आहेत, फ्रिजने थंड राहावं. त्यावर एका मुलाने उत्तर दिलं, "सर, माझ्या सासूला दत्तक घ्याल का? दोघांचं जमेल."

तर, तू माझी कमेंट पुसलीस आणि मी ती टेककट्टेवर टाकली. दोन दिवसांत चारशे जणांनी त्याखाली लिहिलं. त्यातल्या निम्म्या बायका होत्या, आणि त्यांतल्या एकीने माझ्या दाराची बेलच वाजवली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या नागरत्ना, ग्रीन टॅग मीच आहे हे माहीत असलेल्या एकट्या. त्यांच्या सुनेने तुझा व्हिडिओ पाहून रुब्बोमेट आणला होता.

"मिस," त्या म्हणाल्या, "या यंत्राच्या इडल्या माझ्या यजमानांनी खाल्ल्या नाहीत. खिशात घालून बाहेर नेल्या आणि येऊन म्हणाले, कुत्र्यानेही वास घेऊन मान फिरवली."

"डाळ वेगळी वाटली होती का?"

"यंत्र वेगळी वाटूच देत नाही. झाकण उघडलं की रुसतं. फोनवर लिहून येतं, पहिल्यापासून सुरू करा."

हे तुला कळायला हवं होतं, कारण तू स्वयंपाकघरात वाढलास. उडीद आधी, एकटा, थोडं थोडं पाणी घालत. हात आत घालून पीठ बोटांवर घ्यायचं, हलकं झालं का, गरम तर होत नाही ना, ते पाहायचं. मग तांदूळ. हात आत जात नसेल तर त्याला ग्राइंडर कशाला म्हणायचं? ते कपडे धुवायचं मशीन.

कंपनीने टेककट्टेवर उत्तर दिलं की जुन्या पिढीला नवं तंत्रज्ञान वापरण्यात अडचण येते. बस. मी त्यांना लिहिलं: या, शनिवारी २९ नोव्हेंबरला आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये. तांदूळ तेच, डाळ तीच, पाणी तेच. एका बाजूला तुमचं मशीन तुमच्या माणसाने चालवायचं, दुसऱ्या बाजूला आमचा जुना दगडी ग्राइंडर आम्ही. निकाल रविवारी सकाळी पीठ आंबल्यावर.

ते आले! नाकारलं असतं तर टेककट्टेने त्यांना सोललं असतं. टाय लावलेला एक तरुण आला, हर्षित नावाचा, आणि त्याच्याबरोबर कॅमेरा. आमच्याकडून नागरत्ना, त्यांची सून आणि मी, 'ग्रीन टॅग सरांच्या वतीने' असं सांगून; कॅमेरा पातेल्यांवरच होता. हॉलमध्ये सत्तर माणसं. आमचा दगड फिरायला लागला तसा हर्षित माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, याचा आवाज फार आहे."

"काम करतोय ना, म्हणून," नागरत्ना म्हणाल्या. "तुमचं गप्प आहे ते का, ते उद्या कळेल."

रविवारी आठ वाजता दोन्ही पातेली उघडली. आमचं पीठ कडेपर्यंत आलं होतं, झाकणाला टेकलं होतं. त्यांचं जिथे ठेवलं होतं तिथेच बसलं होतं, वर पाणी. दोन्ही पिठांच्या इडल्या एकाच भांड्यात उकडल्या, म्हणजे वाफेवर संशय नको. मग मी ताटल्यांवर काही न लिहिता हर्षितच्या पुढे ठेवल्या. त्याने एक घास घेतला आणि ताटली हळूच बाजूला सरकवली. दुसरी ताटली त्याने पूर्ण संपवली, मग तिसरी मागितली, चटणीसकट. सगळा हॉल हसत होता. टाळ्या तर अशा की वरच्या मजल्यावरचं बाळ उठलं.

तोंड पुसत त्याने विचारलं, "मॅडम, हा दगड कोणत्या कंपनीचा?"

मी म्हणाले, "लिडविन आणि बहीण."

त्याला ते समजलं नाही. तुला समजेल. पण त्याच्याकडे मी नंतर येते.

आठ डिसेंबरला कंपनीने विक्री थांबवली. झाकण बदलणार, डाळ आणि तांदूळ वेगळे वाटायची सोय करणार, ज्यांना नको त्यांच्याकडून मशीन परत घेणार. टेककट्टेवर त्या दिवशी जत्रा होती. "ग्रीन टॅग सर, उद्या फोन घेतोय, आशीर्वाद द्या." "ग्रीन टॅगची सही नसेल तर मी टूथब्रशही घेणार नाही." एकाने माझ्यासाठी सिंहासनाचं चित्र काढलं, त्यावर मिशीवाले गृहस्थ बसले आहेत. मिशी सोडली तर मला ते आवडलं. छापून फ्रिजवर लावलं आहे. फ्रिज थंड राहतो.

मी जिंकले, मेलरॉय. निवृत्त झाल्यापासून इतका चांगला आठवडा मला मिळाला नव्हता.

आता उरलेलं. त्याच दिवशी लोक तुझ्यावर उलटले. मेलरॉय विकला गेला, मेलरॉय खोटारडा, मेलरॉयला डोळे झाकून सोडा. हजारो. मी पाहत होते. आणि मग चहा तसाच ठेवून मी लिहिलं: "मशीन वाईट आहे. मुलगा वाईट नाही, घाईत आहे. त्याच्या पहिल्या व्हिडिओपासून मी त्याला पाहतो आहे." 'पाहतो' असंच लिहिलं, सरांच्या आवाजात. त्यावर मला पहिल्यांदाच शिव्या पडल्या. "अंकलही विकले गेले." पडू देत. ती कमेंट मी पुसली नाही.

पहिल्या व्हिडिओपासून हे खरं आहे. तेव्हा तुला नऊ प्रेक्षक होते. "आवाज बारीक येतो, माइक जवळ घे" असं लिहिणारी मी होते. एक लाख झाले तेव्हा तू म्हणालास, "ग्रीन टॅग सर, तुम्ही पहिल्या दिवसापासून सोबत आहात, थँक यू." मी ते चार वेळा ऐकलं. नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू मावशी म्हणून माझं ऐकून घेतलं असतंस. मला हवं होतं, तू सर म्हणून माझं ऐकावंस.

आणि नाव सांगण्याचं धाडस नव्हतं, कारण चौदा महिन्यांपूर्वी तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाच्या, चर्चमधल्या मिस्सेनंतर, सगळ्या नातेवाइकांसमोर, मी तुला "दुकानदारांची पिपाणी" म्हणाले होते. तू ताट तसंच ठेवून उठलास. तेव्हापासून तू या घरात आलेला नाहीस. पिपाणी हा शब्द मी मागे घेते. दुकानदारांबद्दलचं मत कायम आहे.

आता त्या सामानाबद्दल बोलते. नऊ मिनिटं चाळीस सेकंदांपाशी तू मागे वळून हात दाखवलास आणि म्हणालास, "हा डायनासोर कोणाला हवा असेल तर कमेंटमध्ये लिहा, फुकट घेऊन जा." तो तुझ्या आईचा, आमच्या लिडविनचा ग्राइंडर होता. तिच्या लग्नात मी माझ्या पहिल्या बोनसमधून दिलेला. तुझी आई गेली तेव्हा तिच्याच निळ्या साडीत गुंडाळून मी तो तुझ्या फ्लॅटवर पोहोचवला होता. दगडाच्या आतल्या कडेला एक टवका उडालेला आहे. तू चार वर्षांचा असताना त्यात माझा स्क्रूड्रायव्हर टाकला होतास, आत काय आहे ते पाहायला. तुझी ती पहिली तपासणी. लिडविन रागावली, मी तुझ्या शर्टाच्या गुंडीला हिरवा टॅग बांधला. दोन दिवस तू तो काढू दिला नाहीस.

"जुन्या वस्तू जमवतो" असं लिहून जे गृहस्थ टेम्पो घेऊन तुझ्याकडे आले आणि ज्यांच्याबरोबर तू हसत फोटो काढलास, ते नागरत्नांचे धाकटे भाऊ. पाठवणारी मी. तर रविवारी हॉलमध्ये रुब्बोमेटला हरवलं ते तुझ्या आईने. माझं फक्त पाणी घालणं होतं. दगड आता माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीखाली आहे. मोटर मी स्वतः उघडून साफ केली. आवाज अजून तेवढाच आहे.

मागणी. माझी कमेंट तू परत लावायचीस आणि पीठ पाकिटातलं होतं हे तुझ्या तोंडाने सांगायचंस. यात घासाघीस नाही. लोक दोन दिवस हसतील आणि तिसऱ्या दिवशी तुझ्यावर आधीपेक्षा जास्त विश्वास ठेवतील. तपासणीच्या टेबलावर मी हे शंभर वेळा पाहिलं आहे: चूक स्वतःहून दाखवणाऱ्याचा टॅग कोणी पुन्हा उलटून पाहत नाही.

यासोबत कारखान्यातला एक कोरा हिरवा टॅग आहे. माझ्याकडचा शेवटचा. त्यावर फार जागा नाही, एक आकडा आणि एक सही मावते. मंगळवारी, २३ डिसेंबरला दुपारी बारा वाजता मी नाताळच्या सान्नांसाठी, आपल्या त्या इडल्यांसाठी, तांदूळ आणि उडीद भिजत घालणार आहे, वेगळे. बाफादच्या रश्शासाठी मांस सांगून झालं आहे. माझ्या एकटीसाठी एक वाटी पुरते. किती जणांचे भिजवायचे, ते मला त्याआधी लेखी कळायला हवं. फोनवरचं, व्हिडिओतलं किंवा अंगठ्याच्या चित्राचं उत्तर धरलं जाणार नाही. बारा वाजून एक मिनिटाने आलेलंही नाही.

तुझी मावशी,
तपासनीस क्रमांक ४१
(सर नव्हे, अंकल तर मुळीच नव्हे)
इर्मिना