डाव्या हाताच्या गाठी

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची उज्जैनला! खंडव्याची बस दुपारी नानाखेड्याच्या स्टँडला लागली, मुक्ता स्कूटर घेऊन हजर. पोरीने घर छान लावलंय. तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघरात भरपूर ऊन. वर मालकीणबाई शोभावहिनी. त्यांची मराठी निम्मी हिंदी. त्यांनी लगेच पोहे-जलेबी पाठवली आणि वर म्हणाल्या, टेन्शन नका घेऊ, सगळे ठीक होऊन जातात. म्हणजे मुक्ताने सांगून ठेवलेलं दिसतंय. कार्टीच्या पोटात काही राहत नाही. पण लपवायचं तरी काय? डाव्या स्तनात कॅन्सर आहे, इथे उपचार घ्यायला आले आहे. हे गेल्यापासून मुक्ताला मी आणि मला मुक्ता. मला अजून दहा वर्षं हवीत. त्याखाली सौदा नाही.

७ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायला स्पष्ट. आजार मणक्यात आणि यकृतात पोचलाय म्हणाल्या. गोळ्या, इंजेक्शनं सुरू. मी म्हटलं, गाठच कापून टाका की, मूळ उपटलं की फांद्या वाळतील. त्या म्हणाल्या, आजार आधीच बाहेर पडलाय, अशा वेळी स्तन काढल्याने आयुष्य वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पुढे जखम वाहायला लागली तर त्रास कमी करण्यापुरतं काढता येईल. शोभावहिनींचं एकच, निकालके फेको ना, झंझट खतम. मला वहिनींचं पटलं.

१० डिसेंबर
गाठ फुटली. वास येतो. मुक्ता उदबत्त्या लावते आणि तिला वाटतं मला कळत नाही. डॉक्टरीणबाई ऑपरेशनला तयार झाल्या, पण पुन्हा बजावलं की हे जखमेसाठी, आयुष्यासाठी नाही. मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, तुम्ही काढा तर खरं.

२८ डिसेंबर
टाके सुकले, वास गेला. केवढं हलकं वाटतंय! मुक्ताने टॉवर चौकात नेऊन कचोरी खाऊ घातली. छाती आणि दंड बधिर आहेत. तेवढं होतंच म्हणे. चिमटा काढून पाहिला, शेजारणीला काढावा तसा. माझी खात्री आहे, मूळ गेलं.

४ जानेवारी
बधिरपणा कोपराखाली उतरलाय. दुपारी झोपून उठले तर पदराच्या टोकाला गाठ. मी कशाला मारीन? सोडून टाकली.

५ जानेवारी
आज दोन. एक पदराला, एक चादरीला. सोडल्या.

७ जानेवारी
चार. टॉवेल, परकराची नाडी, पडद्याची दोरी, मुक्ताची ओढणी. मुक्ता चिडली, म्हणाली आई, हे काय चाळे लावलेत. मी म्हटलं मी नाही. तर तिने विचारलं, मग कोण, आणि तोंड फिरवून डोळे पुसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशनने असं होत नाही, स्कॅन करू.

९ जानेवारी
आज पाहिलं. भर उन्हात खुर्चीवर बसले होते, टक्क जागी. डावा हात मांडीवर आपला आपण चालला होता. पदर धरून — आधी वळसा, मग टोक आत, मग ओढ. सफाईने. घाबरायला हवं होतं. घाबरले नाही. तेही बधिर झालं असेल.

१२ जानेवारी
स्कॅन. यकृतात नव्या गाठी, नऊ. घरी येऊन पडद्याची दोरी मोजली.
नऊ.
सोडायला बसले. एक सोडली की हात दुसरी —

१५ जानेवारी
ओठ बधिर झाले. जीभही. मुक्ता म्हणाली रडू नको ना गं. मी रडत होते? गालावरचं पाणी मला कळलंच नाही. शोभावहिनी दारातून बघतात, आत येत नाहीत.

१८ जानेवारी, रविवार, दुपार
जेवून मुक्ता इथेच झोपलीये, माझ्या डावीकडे. हात तिच्या काखेत गेलाय. ओढला, निघत नाही. हाक मारायला तोंड उघडलं. आवाज नाही. उजव्याने लिहितेय, त्याचीही बोटं गार —

वाटलं शोधतोय. माझ्यासारखं तिला काही आहे का ते. म्हटलं शोधू दे, वेळेवर कळेल. लेकरू वाचेल.

पण ही चाल — आधी वळसा —

मुक्ता ऊठ. हा शोधत नाहीये. हा गाठ मार