तीन टनी ट्रक आणि मेणाच्या तोफा

१६ एप्रिल १९७४, मंगळवार
माझ्या छोट्या ट्रकची ताडपत्री अखेर जमली. मागाच्या सुताला लावतात ती खळ पलीकडच्या विणकरांकडून वाटीभर आणली, जुन्या कापडाला लावून वाळवली. पत्र्यासारखी कडक झाली, पण सुरकुती कापडाचीच राहिली. बाकी सगळी गाडी बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याची. कुठेही डिंक नाही की मेण नाही, सगळीकडे टाचण्यांचे रिव्हेट. बोटांची चाळण झाली.
२८ ला युद्धवाहन मंडळाचा मेळावा, शुक्रवार पेठेतल्या शाळेत. गावातले हौशी पुरुष रविवारी जमून वीतभर रणगाडे बनवतात आणि वर्षातून एकदा मांडतात. पत्रकात छापलंय, ‘प्रवेश सर्वांना खुला’. सर्वांना. बघू.

१९ एप्रिल, शुक्रवार
मंडळाचे सेक्रेटरी देगावकर यांच्याकडे नाव द्यायला गेले. बँकेतून निवृत्त, पण अजूनही काउंटरपलीकडून बघतात.
“वा वा, बाई! भगिनींसाठी हस्तकलेचं टेबल आहे ना. विणकाम, मण्यांची तोरणं...”
“हा लष्करी ट्रक आहे.”
“हो, पण रणगाडा नाही. शिवाय आपण म्हणजे...”
वाक्य तिथंच सोडलं. मुलींना पूर्ण वाक्यात बोलायला शिकवण्यात माझा जन्म गेला. यांना आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरपुढे उभं करायला हवं होतं.
गाडीपुढे लावायची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. ‘तीन टनी ट्रक. बनवणार: कु. शांता बिराजदार. महायुद्धात पुण्याच्या डेपोत ड्रायव्हर म्हणून हीच गाडी चालवली.’
वाचून चष्मा पुसत बसले.

२१ एप्रिल, रविवार
सेक्रेटरी (यापुढे नुसतं से.) काल अण्णांच्या दुकानात जाऊन आले. मंडळाच्या खुर्च्या, मांडव, चहा, सगळं माझ्या या थोरल्या भावाच्या कृपेनं. सकाळी अण्णा वर आले.
“शांते, ट्रक ठेव तू. चिठ्ठी नको.”
“का?”
“ड्रायव्हर लिहिलंयस. नंदाला बघायला अक्कलकोटचे लोक यायचेत. मुलीची आत्या ट्रक हाकत होती म्हणून कळलं तर?”
“अण्णा, हाकतात बैल. ट्रक चालवतात.”
चहा न घेता खाली गेले. तीस वर्षं लोकांना सांगत आले, शांता पुण्यात टायपिंगला होती. मी जन्मात एक ओळ टाइप केलेली नाही. आई होती तोवर गप्प बसले. आता कुणासाठी बसायचं?
वहिनी दारात उभ्या होत्या. त्या कधीच बोलत नाहीत.

२४ एप्रिल, बुधवार
से. तडजोड घेऊन आले. ट्रक मुख्य टेबलावर ठेवू, नाव मात्र ‘बिराजदार परिवार’.
म्हटलं, “परिवारातल्या कुणाकुणाच्या बोटाला टाचणी टोचली, तेवढं विचारून या.”
गेले ते परत आले नाहीत.

२८ एप्रिल, रविवार
मेळावा. सगळं नीट लिहून ठेवायचं आहे.
ट्रक हस्तकलेच्या टेबलावर! एका बाजूला क्रोशाचं बदक, दुसऱ्या बाजूला मण्यांचा पोपट. चिठ्ठी पालथी घातलेली. मी सुलटी केली.
मग पुरुषांचे रणगाडे पाहिले. खोटं का लिहू, कामं सुरेख होती. मागाच्या बॉबिनची चाकं, सायकलच्या ट्यूबचे पट्टे. तोफांच्या नळ्या मात्र सगळ्यांच्या सारख्याच काळ्या नि गुळगुळीत. ही म्हणे मंडळाची रीत, से.नी शोधलेली. मेणात काजळ घोटायचं आणि पपईच्या पोकळ देठात ओतायचं, घट्ट झालं की देठ सोलून काढायचा.
“मेण? एप्रिलात? सोलापुरात?”
“बाई, तंत्र आहे ते. आजवर कधी काही झालेलं नाही.”
आजवर मेळावा दिवाळीनंतर व्हायचा. यंदा शाळेची जागा परीक्षा संपल्यावर मिळाली. एवढं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.
फोटोग्राफर म्हणाला आत उजेड कमी आहे. रणगाड्यांचं टेबल उचलून अंगणात, भर उन्हात. मग पहिल्या रांगेत कोण बसणार यावर वाद. से. मध्ये की अण्णा मध्ये? वाद संपला, सगळ्यांनी छात्या फुगवल्या, फोटोग्राफरनं काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं. “साहेब, तुमच्या तोफा...”
सगळ्या तोफांनी माना टाकल्या होत्या. एकीचं तोंड तर स्वतःच्याच चाकाला टेकलेलं. से. रुमालानं वारा घालू लागले. रणगाड्याला!
परीक्षक म्हणून मोडनिंबचे निवृत्त सुभेदार आले होते. त्यांनी टेबलाला एक फेरी मारली. “आरं, ही समदी फौज शरण आली की!”
मी आत आले. अंगणात हसरं तोंड करून उभं राहणं बरं दिसलं नसतं.
सुभेदारही सावलीला आत आले आणि थबकले. “ह्यो गडी हितं कसा, बदकापाशी?” चिठ्ठी उचलून परेडच्या आवाजात वाचली. ‘ड्रायव्हर’ हा शब्द अंगणापर्यंत गेला. चहाच्या टेबलाशी अण्णांचा कप बशीवर वाजला.
“ह्या कु. शांता कुटं हायत?”
“मी.”
“तुमी चालवली? ही? मग खालचा गिअर टाकून दावा.”
खुर्ची ओढली, बसले. छत्री डाव्या हाताशी उभी धरली. क्लच दाबला, छत्री मध्ये आणली, क्लच सोडला, उजव्या पायानं थोडा रेस, पुन्हा क्लच, छत्री मागे. चपलांचा आवाज सगळ्या हॉलमध्ये. या गाडीला दर गिअरला दोनदा क्लच लागायचा; पाय काही म्हणजे काही विसरलेला नाही.
सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. “व्हय! चालवल्यालीच हाय! आरं, रणगाडं लई बघितलं. पन आमास्नी दारूगोळा अन् भाकरी आननारी हीच की! हिला बदकापाशी बसवता व्हय?”
दोन्ही हातांवर ट्रक घेऊन स्वतः अंगणात गेले आणि मुख्य टेबलाच्या मधोमध ठेवला, चिठ्ठीसकट. पहिलं बक्षीस. पितळी कप. से.नी टाळ्या वाजवल्या, दोन बोटांनी.
मी फार खूष आहे.

२९ एप्रिल, सोमवार
अण्णा बोलत नाहीत. जेवताना मीठ हवं होतं तर वहिनींना म्हणाले, “तिला सांग.” मी त्यांच्या कोपरापाशी बसले होते.
दुपारी से. हजर, आवाजात साखर. “बाई, आपण ते टाचण्यांचे रिव्हेट मंडळात शिकवाल तर...”
“तर?”
“तर आम्ही आभारी होऊ.”
पूर्ण केलं वाक्य! म्हटलं, येईन. सभासद म्हणून, भगिनी म्हणून नाही. आणि चहा करणार नाही.

३ मे, शुक्रवार
अक्कलकोटचे पाहुणे उद्या सकाळी. अण्णांनी मौन सोडलं. “शांते, तो ट्रक कपाटात ठेव. उद्यापुरता.”
नंदाचा प्रश्न आहे. माझं तोंड उघडलं होतं, पण मुलीच्या नावानं मिटलं. उठले. खरंच ठेवणार होते.
तेवढ्यात वहिनी आल्या. पदरानं बॉनेटवरची धूळ पुसली, ट्रक बाहेरच्या खोलीत नेला आणि रेडिओवर ठेवला. पुढं चिठ्ठी टेकवली.
“अगं, पण लोक...” अण्णा.
“इरली बिडरी.” कानडीत, असू द्या. एवढंच बोलून स्वयंपाकघरात गेल्या.
अण्णा रेडिओपाशी उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “घाट चढायची ही?”
“भरलेली चढायची.”
“हं.”
त्या गाडीबद्दल तीस वर्षांतला पहिला प्रश्न.
आता दिवेलागण झाली. नंदा साडीला इस्त्री करते आहे. अण्णा रेडिओवरच्या बातम्या लावायला म्हणून बाहेरच्या खोलीत गेलेत. बातम्या ऐकू येताहेत. कपाटाचं दार वाजलेलं नाही, अजून तरी.