दोन पहारे आणि किल्ल्याचा एक दरवाजा

थाटीपुर, ग्वाल्हेर
शनिवार, दुपार

सौ. मंदाताईस बळवंताचा इथूनच वाकून नमस्कार. भाऊजींना आणि तुझ्या गुडघ्यालाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तुला जिना बंद केलाय असं मावशीकडून कळलं. काळजी घे. इथे आई ठीक आहे. मला पाहिलं की डोकं धरते, बाकी तब्येत एकदम बढिया.

मी कामाला लागलोय. (हो, पुन्हा. झाशीचं फोटोवाल्याकडचं सुटलं आणि इंदूरचं लागलंच नाही, कारण स्टेशनबाहेर पोहे खाता खाता मुलाखतीची वेळ निघून गेली. पण पोहे काय होते, ताई! असो.) तर काम असं की लष्कर भागातलं आणि आमच्या थाटीपुरचं अशी ग्वाल्हेरातली आपली दोन मराठी मंडळं एक व्हायची आहेत. दोन्हीकडच्या पोरांनी कॉम्प्युटरवरच्या एकाच खेळात आपापलं ग्वाल्हेर रचलं होतं, लष्करवाल्यांनी किल्ला आणि थाटीपुरवाल्यांनी खालचं शहर. ती दोन्ही जोडून एकच जग करायचं, उद्या रविवारी त्याचं उद्घाटन, आणि ते नीट झालं तरच यंदाचा गणपती एकत्र. नाहीतर पुन्हा आपापले मांडव. त्या जगाचा कारभारी मी. (दुसरं कुणी रिकामं नव्हतं.)

तू कॉम्प्युटरवाली आहेस, तरी सांगतो, म्हणजे मला समजलंय की नाही ते मलाही कळेल. हा खेळ फुकट आहे आणि कुणीही त्यात आपली जोड घालू शकतो. त्या जोडीला मॉड म्हणतात. एखादं मॉड बर्फ पाडतं, एखादं भूक लावतं, एखादं दारावर पहारा बसवतं. ती फोल्डरमध्ये ठेवायची आणि हवी तेवढीच एकेक करून चालू करायची. मी ते करत बसलो होतो, तर लष्करचे अध्यक्ष महिपतराव काका मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर मॉडांची नावं एकाखाली एक चालली होती, त्यात दोन्ही मंडळांनी आपल्या नावाने आणलेलीही होती. काकांनी चष्मा सावरला.

"आमचं नाव इतकं खाली का रे, बळवंता?"

मी म्हटलं, काका, ही पंगत नाही, ही नुसती यादी आहे.

"यादी कसली? आमच्या वडिलांना दरबारात पहिल्या रांगेत विडा मिळायचा!"

थाटीपुरच्या अध्यक्षा सुधाताई शेजारीच होत्या. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आमचा काही पहिल्या नंबरचा हट्ट नाही हं. फक्त दुसरा नको."

आता मी काय करू? मी सेटिंगमध्ये जाऊन आपोआपचं बटण दाबलं. फोल्डरमध्ये जे असेल ते सगळं स्वतःहून चढेल, आणि क्रम मशीन लावेल, माझा त्यात हात नाही, असं जाहीर करून टाकलं. दोघंही खूष. मीही खूष. तेव्हा मला माझ्याबद्दल काय वाटलं ते लिहीत नाही.

आज सकाळी रंगीत तालीम झाली. त्या फोल्डरमध्ये मी गंमत म्हणून उतरवून ठेवलेलंही बरंच होतं, तेही सगळं चढलं. लष्करात बर्फ पडला. (महाराज बाड्याच्या चौकात हिम! पोरं नाचली. इथपर्यंत मला श्रेय मिळत होतं.) मग किल्ल्याचा दरवाजा उघडायचा मान काकांना दिला. दरवाजा म्हणाला, परवानगी नाही. सुधाताईंनी माऊस घेतला. परवानगी नाही. झालं असं की दोन्ही मंडळांनी आपापलं पहाऱ्याचं मॉड आणलेलं. एक लष्करवाल्यांशिवाय कुणाला हात लावू देत नव्हतं, दुसरं थाटीपुरवाल्यांशिवाय. म्हणजे कुणालाच नाही. त्यात भुकेचं मॉड चालूच, त्यामुळे काकांचा खेळातला माणूस बंद दरवाजासमोर बर्फात उपाशी मेला. सगळ्यांसमक्ष.

मी घाबरून सगळीच मॉडं बंद केली. ते तर और भी बुरा. ज्या मॉडातून पोरांनी महालाच्या निळ्या फरशा घेतल्या होत्या तेच नाहीसं झालं, आणि प्रत्येक फरशीवर 'अनोळखी वस्तू' असं दिसायला लागलं. "ग्वाल्हेरात आम्ही अनोळखी?" म्हणून काका उठले ते चहा न घेताच गेले. सुधाताईंनी घेतला, पण बशीत अर्धा ठेवला.

मग मी शहाणा झालो. आपोआपचं बटण बंद, एकेक मॉड बघून हाताने चालू. फरशा परत आल्या, बर्फ गेला, भूक गेली. राहिला फक्त पहारा. दोन्ही एकत्र चालत नाहीत. एकच ठेवायचा, आणि दुसऱ्याच्या तोंडावर तसं सांगायचं. तुझा भाऊ काय आहे हे तुला माहीतच आहे. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला तिळाचं तेल लाव.

तुझा,
बळवंत

ता. क. – कुणाचा पहारा ठेवायचा हे पुण्याची मंदाताई ठरवणार, असं मी दोघांनाही सांगून बसलोय. तुझा नंबरही दिलाय. हे पत्र मी फोटो काढून पाठवतोय, ते त्यांचे फोन यायच्या आत वाच.

आणखी एक – खरं म्हणजे मी दोन्ही पहारे काढून टाकलेत. दरवाजा सताड उघडा आहे, दोन्हीकडची पोरं तासभर आत-बाहेर करताहेत आणि कुणी काही चोरलेलं नाही. तेव्हा तू काकांनाही 'तुमचाच ठेवला' सांग आणि सुधाताईंनाही 'तुमचाच ठेवला' सांग. घाबरू नकोस. ते एकमेकांना विचारणार नाहीत. आधी विचारील त्याचा मान जातो.