चार बोटं वर

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाच्याचा फोन आला होता. घरात विजेच्या दिव्याखाली लावलेली तुझी टोमॅटोची रोपं सुतासारखी बारीक होऊन आडवी झाली म्हणे. जिला रोपं सांभाळता येत नाहीत ती आई एकटी कशी राहणार, असं त्याचं म्हणणं. पुढच्या महिन्यात तुला कायमची घेऊन जाणार आणि घर भाड्याने देणार. खरं सांगतो, मीही हो म्हणालो. जन्म नर्सरीत गेला माझा. रोपांच्या चार बोटं वर दिवा टांग, एवढंच कळवलं होतं. तेही जमेना, तर हट्ट सोड आता. रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वा रे वा! मामा-भाचे मिळून माझं घर परस्पर भाड्याने देऊन मोकळे झालात? अरे, दिवा टांगला कोणी? तुझ्या इंजिनिअर भाच्याने. चार बोटं म्हणजे बोटांची रुंदी, हे शेंबडं पोरही सांगेल. याने तर्जनी उभी धरून एकावर एक चारदा मोजली! दिवा गेला फूटभर वर. उजेडासाठी माना ताणताणून पडली बिचारी रोपं.

मला तेव्हाच दिसलं होतं. पण सहा महिन्यांनी आला होता, हौसेने करत होता. तो गेल्यावरही हात लावला नाही. म्हटलं, लेकाने टांगलाय, राहू दे. तिथेच चुकलं माझं. आता दोरी सैल करून दिवा खाली घेतलाय, टेपने तीन इंच मोजलेत, नवं बी पेरलंय. चाळीस वर्षं लोकांची मापं घेऊन कपडे शिवले मी. मी कुठेही येणार नाही, हे त्याला तूच कळव. धाकट्यांना असतात तेवढे आशीर्वाद आहेतच.

ताई

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल लेक सामानासाठी रिकामी खोकी घेऊनच आला. खोलीत साठ रोपं, बुटकी, जाड देठांची. बराच वेळ बघत राहिला. मामाने सगळं सांगितलं म्हणाला, ओशाळलाही. तरी हेका सुटेना. उद्या अशीच चूक तुझ्या हातून झाली तर, असं विचारू लागला.

मी म्हटलं, "तुझ्या हातून झाली, तेव्हा मी तुला तुझं घर सोडायला सांगितलं का?"

खोकी घेऊन परत गेला. लोभ करशील तो याच पत्त्यावर कर.

ताई